गोडी किती ठेवायची

मास्तरांनी अकॉर्डियन टेबलावर ठेवलं, खांद्याचे पट्टे नीट गुंडाळले आणि घसा खाकरला. भिडस्त माणसाला तक्रार करायची असली की आधी घसा साफ करावा लागतो.

"बाई, सूर बिनचूक आहेत," ते म्हणाले. "नाव ठेवायला जागा नाही."

"मग परत कशाला आणलंत?"

"तेच तर नीट सांगता येत नाहीये." मास्तरांनी छताकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे टांगलेलं होतं. "कुणीतरी हजेरी घेतंय आणि एकेक सूर उभा राहून 'हजर' म्हणून खाली बसतोय, असं वाजतं हो ते."

एरवी सूरवाल्या बाई या उपमेला मनापासून हसल्या असत्या. हसल्या नसत्या तर भांडल्या तरी असत्या. त्या दिवशी त्यांनी नुसतं "ठेवून जा" म्हटलं आणि वाद्यावर फडकं पांघरलं. मास्तर नाचाच्या वर्गाला साथ करत, आणि तरुणपणापासून याच दुकानात येत. ते दाराशी थोडे घुटमळले, मग गेले.

दुकान खाली, घर वर. दुकानात मेणाचा आणि चामड्याचा वास, भिंतीला लागून उघडी पडलेली वाद्यं, आणि खिडकीजवळ पायाने भाता हलवायची सोय असलेलं टेबल. हे सगळं बाईंच्या सासऱ्यांनी, मामंजींनी, उभं केलेलं. त्यांच्या मुलाचा कान दगडाचा. तो शाळेची बस चालवायला लागला आणि त्या कोलाहलात सुखाने राहिला. मुलीला कान होता, पण मेणाचा वास सहन व्हायचा नाही आणि हातात धीर नव्हता. ती बँकेत गेली. राहता राहिली नवी सून. बी.ए. झालेली, चहा द्यायला दुकानात उतरली आणि म्हणाली, "मामंजी, हे दोन सूर एकच म्हणून वाजवताय, पण ते एक नाहीत ना?" मामंजींनी चहा बाजूला ठेवला आणि तिच्या हातात खरवडणी दिली. ती आजवर तिच्याच हातात आहे.

अकॉर्डियनच्या पोटात पोलादाच्या पातळ जिभा असतात. भात्याची हवा गेली की त्या थरथरतात आणि सूर बोलतो. मास्तरांच्या वाद्यात एकेका सुराला अशा दोन जिभा. दोन्ही तंतोतंत जुळवल्या तर सूर ताठ निघतो. दुसरी किंचित चढी ठेवली की दोन्ही मिळून सूर लहरतो, पाण्यावर ऊन हलावं तसा. ही जी किंचित तफावत, तिला या दुकानात एकच शब्द: गोडी. जिभेचं टोक जरासं खरवडलं की गोडी वाढते, मुळाशी खरवडलं की कमी होते.

"जास्त झाली की शेळी ओरडते, नाहीच ठेवली की शिपाई उभा राहतो," मामंजी सांगत.

"मग थांबायचं कुठं?"

"आपल्याला बरं वाटलं की थांबायचं. याला दुसरं माप नाही."

मामंजी गेले त्याला बराच काळ लोटला. माप मात्र तेच राहिलं होतं. आणि नेमकं ते 'बरं वाटणं'च बाईंच्या घरातून चोरपावलांनी निघून गेलं होतं.

काही झालं होतं का? नाही. लोकांना कारण लागतं. कुणी गेलं असेल, नवऱ्याने काही केलं असेल, मुलीने तोंड काळं केलं असेल. यातलं काही नव्हतं. नवरा होता तसाच बडबड्या आणि प्रेमळ होता. मुलगी परगावी सुखात होती. पहाटे भलत्या वेळी जाग येऊ लागली, दिवस अंगावर ओल्या गोधडीसारखा पडू लागला, एवढंच. मुलीने फोनवर नोकरीत बढती मिळाल्याचं सांगितलं तेव्हा बाई "वा!" म्हणाल्या, आणि तो "वा" त्यांचा त्यांनाच दुकानातल्या फाटक्या भात्यातून आल्यासारखा वाटला. नवऱ्याने संत्री आणली. बाईंनी फोड तोंडात टाकली. गोड होती. म्हणजे, आंबट नाही, गोड आहे, असं जिभेने कळवलं. पण कळवलं तरी कुणाला? पत्र आत पडावं आणि घरात माणूसच नसावं, तसं झालं.

"आवडली ना?" नवरा आशेने बघत होता.

"हो."

"मग अजून घे की!"

आवडलेल्या माणसाने अजून घ्यायचं असतं, हे त्यांना आठवावं लागलं.

दुकानात याचा घोळ व्हायचा तोच झाला. खरवडणी हातात घेऊन बाई सूर ऐकायच्या, आणि थांबायचं कुठं ते कळेना. हेही ठीक, तेही ठीक. शेळीही ठीक, शिपाईही ठीक. मग त्यांनी कपाटातून काट्याचं यंत्र काढलं. नवऱ्याने हौसेने आणलेलं, सूर नेमका असला की काटा मधोमध येतो. बाईंनी त्याला आजवर हात लावला नव्हता. आता दोन्ही जिभा त्यांनी काट्यासमोर मधोमध आणून ठेवल्या. निदान काटा तरी 'बरोबर' म्हणत होता! मास्तरांच्या वाद्यातले सगळे शिपाई असे उभे राहिले होते.

मास्तर गेल्यावर बाईंनी एक निष्कर्ष काढला. तसा तो तर्कशुद्ध होता. चुकीचा होता, ही गोष्ट वेगळी. त्यांनी ठरवलं की आपले कान गेले.

त्यांनी नणंदेला फोन केला. नणंद म्हणजे तीच बँकवाली, आता निवृत्त, आणि दुकानाच्या जागेची अर्धी मालकीण.

"वन्सं, तो पडदेवाला जागा भाड्याने मागत होता ना? देऊन टाका. मला सूर कळेनासे झालेत."

"अगं बाई! कधीपासून? टीव्ही ऐकू येतो का?"

"येतो."

"मग?"

"टीव्हीत ऐकण्यासारखं असतं काय, वन्सं?"

"तेही खरंच." नणंदेने जरा विचार केला. "पडदेवाल्याला महिनाअखेर सांगते. त्याआधी कानाच्या डॉक्टरला दाखव. उगाच माझ्या बापाचं दुकान अंदाजपंचे बंद करायचं नाही."

कानाच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. बाई दाबत राहिल्या. आवाज डासाच्या कुजबुजीएवढे झाले तरी दाबत राहिल्या. बाहेरची तंत्रज्ञ मुलगी आत डोकावून म्हणाली, "आजी, वय खरं सांगितलंत ना?"

डॉक्टरांनी कागद समोर धरला. "या वयात असे कान मी पाहिले नाहीत. काय खाता?"

सोबत आलेल्या नवऱ्याचा चेहरा उजळला. बाईंचा पडला. ते डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी कागद खाली ठेवला.

"बाई, एक सांगा. तुम्हाला ऐकू येत नाही, की ऐकावंसं वाटत नाही?"

हा प्रश्न बाईंना आजवर कुणी विचारला नव्हता. "मन रमव", "बाहेर पड", "एवढं चांगलं चाललंय तुझं" असे सल्ले देणाऱ्यांची रांग लागली होती. रमण्यासाठी जे लागतं तेच जागेवर नसेल तर माणसाने रमावं कशाने, हे त्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं.

बाहेर बाकावर बसून बाई रडल्या. नवरा गांगरला. "अगं, कान चांगले निघाले म्हणून कुणी रडतं का?"

"बहिरी निघाले असते तर यंत्र लावलं असतं, अहो. लोक मोठ्याने बोलले असते. दुकान बंद केलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. आता काय सांगू? सगळं ऐकू येतं, पण काही गोड लागत नाही? लोक म्हणतील, माजली आहे."

नवऱ्याने खिशातून रुमाल काढून दिला. तो बसची काच पुसायचा निघाला. बाईंनी तरीही त्यानेच डोळे पुसले.

कानाच्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडे धाडलं त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंना त्या दिवशी सडकून सर्दी झाली होती. बाईंना ते बरं वाटलं; निदान समोरचा माणूस ठणठणीत हसरा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, जगू नये असं वाटतं का हेही सरळ विचारलं. बाईंनीही सरळ सांगितलं, "मरावंसंही वाटत नाही. वाटायचंच बंद झालंय."

"हा आजार आहे," डॉक्टरीणबाई नाक पुसत म्हणाल्या. "नैराश्य. त्यात रडूच येतं असं नाही. संत्रं गोड आहे, सूर बरोबर आहे, ही बातमी मेंदूत पोचते. पण मेंदूत काही जागा अशा आहेत की त्यांनी बातमी मिळाल्यावर म्हणायचं असतं, 'छान! परत आण.' त्या जागा मंदावतात. आधी बऱ्याचदा ओढ जाते, पुढचं काही हवंसं वाटत नाही. मग समोर आलेलंही फिकं लागतं."

"जीभ शाबूत आहे, पण हवा पोचत नाही म्हणा ना."

"मला तुमच्या वाद्यातलं कळत नाही. पण असेल तसंच."

"माझा स्वभाव बिघडला नाही म्हणजे?"

"स्वभावाचं मला माहीत नाही, आताच भेटलोय आपण." डॉक्टरीणबाई शिंकल्या. "आजाराचं सांगते. गोळ्या देते, त्यांना काही आठवडे लागतात. तोवर आवडेल तेव्हा काम करीन, म्हणून थांबायचं नाही. ठरल्या वेळी दुकानात बसायचं, थोडं करायचं, आवडो न आवडो. ओढ आधी आणि काम नंतर, हा क्रम सध्या उलटा. आणि मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. दुकानबिकान बंद करायचं नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही दिवसातून किती वेळा विचारता, 'आवडलं का?'"

"मी? छे! क्वचित."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टेबलावरच्या पेनकडे पाहिलं.

"बंद करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर वेळी त्यांना आत जाऊन बघावं लागतं, आणि दर वेळी खोली रिकामी दिसते."

नवऱ्याने हुकूम मानला, पण जन्माची सवय. ताट समोर ठेवलं की तोंडातून "आवड—" निघायचंच. मग तो घाईने गाडी वळवायचा: "आव... आवरलं का?" सकाळी चहा दिला, आवरलं का? खिडकी उघडली, आवरलं का? दिवसभर घरात कुणी गावाला निघाल्यासारखं वाटायचं.

नणंदेला बातमी कळली तेव्हा ती तरातरा आली. "डोक्याचं? आपल्या घरात असलं काही नाही हं!"

"आता आहे," बाई म्हणाल्या.

"आणि पडदेवाला? त्याला काय सांगू, डोकं बरं होईपर्यंत थांब?"

"सांगा."

"महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय, त्यापुढे एक दिवस नाही. दुकानात काम होत नसेल, तर जागा नुसती अडवून ठेवण्यात काय अर्थ? मास्तरांचं वाद्य तरी होईल का तुझ्याच्याने?"

प्रश्न कडू होता, पण खरा होता. दुकान राहणार की जाणार, ते त्या फडक्याखालच्या वाद्यावर येऊन ठेपलं होतं. सूर लावता आले नाहीत तर सूरवालीने जागा अडवून करायचं काय?

बाई ठरल्या वेळी दुकानात उतरू लागल्या. पहिले दिवस निव्वळ हमाली. जिभांभोवतीचं जुनं मेण काढलं, नवं वितळवून घातलं, वाळलेल्या चामड्याच्या चकत्या बदलल्या. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं आणि झोप लागू लागली. बाकी जग होतं तिथेच. हात मात्र आपलं काम जाणत होते. ते मालकिणीच्या मर्जीची वाट बघत नव्हते.

अडलं ते गोडीपाशी. काट्याचं यंत्र कपाटात गेलं होतं. बाईंनी नवऱ्याला खुर्चीवर बसवलं. "हा ऐका. आणि आता हा. कुठला गोड?"

नवऱ्याने डोळे मिटून ऐकलं. "दोन्ही सारखेच की."

"यात आणि त्यात काहीच फरक नाही?"

"दुसरा जरा... उजवीकडून आला."

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. नवऱ्याला तो दिसला, आणि तो काही विचारणार तोच त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

त्याच वेळी नणंद जागेची मापं घेण्यासाठी टेप घेऊन दारात उभी होती. पडदेवाल्याला पुढच्या भिंतीची रुंदी हवी होती. भावाचं ते उत्तर ऐकून तिला राहवेना.

"उठ रे, दगडा. सरक."

टेप पर्समध्ये गेला आणि नणंद खुर्चीत बसली, नाकाला रुमाल लावून, मेणाच्या वासामुळे.

"वाजव."

बाईंनी पायाने भाता दाबला. दोन जिभा एकदम बोलल्या, ताठ.

"शिपाई," नणंद म्हणाली. बापाचा शब्द तिच्या तोंडून अगदी सहज निघाला. "चढव जरा."

बाईंनी टोकाशी खरवडलं, फुंकर मारली, वाजवलं.

"अजून."

पुन्हा खरवडलं.

"अजून थोडं... थोडं म्हटलं, एवढं नाही! हां. बस. आता बोलला."

बाईंना तो बोललेला कळला नाही. पण त्यांनी खूण केली आणि पुढची जीभ घेतली. जी गोष्ट आपल्याजवळ सध्या नाही ती उसनी घ्यायला काय हरकत आहे? साखर आणतोच की शेजारून.

मग नणंद रोज दुपारी येऊ लागली. जागेच्याच कामाला येते, असं ती भावाला सांगायची. टेप पर्समधून बाहेर निघत नव्हता. ती खुर्चीत बसून "शिपाई", "शेळी", "बस" असे हुकूम सोडायची आणि मधल्या वेळात शेजारणीच्या सुनेपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढायची. बाई ऐकायच्या, कधी हं म्हणायच्या. कधी तेवढंही नाही. काही दुपारी त्या खाली उतरायच्या त्या निव्वळ ठरलंय म्हणून, पाय ओढत.

"मला शिकवलं नाही गं बाबांनी," एकदा नणंद अचानक म्हणाली.

"तुम्हाला वास सहन होत नव्हता ना?"

"नव्हता. आत्ताही होत नाही." तिने रुमाल नाकावर घट्ट दाबला. "तरी विचारायला काय झालं होतं? वाजव, वाजव, बघतेस काय."

महिनाअखेर आली. वरच्या सप्तकातले थोडे सूर राहिले होते. नणंदेने खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं, "संध्याकाळी पडदेवाला येतोय. आज काय ते हो किंवा नाही."

"हं," बाई म्हणाल्या आणि जीभ खरवडली. वाजवलं.

"बस," नणंद म्हणाली. "पुढचा घे."

बाईंनी पुढचा घेतला नाही. त्यांचा पाय भात्यावरच होता.

"अगं, बस म्हटलं ना?"

"जरा कमी आहे," बाई म्हणाल्या.

"काय कमी आहे?"

"गोडी. वरच्या सुराला एवढीच ठेवली की तो आखडतो."

"छान लागतोय की चांगला! मी सांगतेय ना!"

"तुम्हाला लागत असेल. मला नाही लागत."

नणंद खुर्चीतून पुढे वाकली. बाईंनी टोकाशी खरवडणी एकदाच ओढली, केस हलावा तेवढी. फुंकर मारली. जीभ जागेवर बसवली आणि पाय दाबला.

सूर निघाला, लहरला, आणि भाता संपला तसा थांबला.

काम झालं होतं. आता खूण करायची आणि पुढची जीभ घ्यायची. बाईंनी खूण केली. मग पुन्हा पाय दाबला. तोच सूर. तपासायचं काही उरलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं, ठरलेल्या कामातही ते बसत नव्हतं. परत ऐकावंसं वाटलं, म्हणून.

फार काही नव्हतं ते. आनंद वगैरे म्हणावं असं तर मुळीच नाही. लांबच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवल्यासारखं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नसूही शकत होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की हे असं येतं-जातं, घाबरायचं नाही. पण खोली रिकामी नव्हती. बाईंना त्या क्षणी एवढं पुरलं.

"मला अजूनही माझाच बरोबर वाटतो," नणंद फुरंगटून म्हणाली.

"वाटू दे ना, वन्सं."

नणंदेने पर्स उघडली. त्यातून टेप निघाला, तो तिने पुन्हा आत टाकला आणि फोन काढला. "हॅलो, पडदेवाले का? संध्याकाळी येऊ नका. नाही, नाही, भाडं वाढवायचं नाहीये. जागा रिकामी नाही." पलीकडचा काहीतरी बोलला. "अहो, आजच कळलं मला तरी!"

तेवढ्यात नवरा बस लावून दुकानात डोकावला. बायको टेबलाशी, बहीण खुर्चीत, आणि हवेत तो लहरणारा सूर. बाईंनी तिसऱ्यांदा पाय दाबला होता. कान दगडाचा असला तरी डोळे धड होते. बायकोचा चेहरा पाहून त्याच्या तोंडून निघालंच, "आवड—" त्याने कचकन ब्रेक मारला. "आव... आवरलं का?"

"नाही," बाई पुढची जीभ उचलत म्हणाल्या. "तुम्ही दोघं चहा घ्या. मला अजून वेळ लागेल."